गर्भपिशवी पोट उघडून काढली की दुर्बिणीतून, यावर पुढे लघवीचा ताबा अवलंबून असतो का?

डिचोलीच्या तुमच्या आईला हे दोन पर्याय दिलेत, तर थेट सांगते: फरक मुख्यतः जखम, दुखणं आणि सावरायला लागणाऱ्या दिवसांत पडतो. पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे मूत्राशय आणि योनीला खालून आधार देणारे स्नायू आधीच किती सैल आहेत, हे जास्त महत्त्वाचं. खालून, योनीमार्गे पिशवी काढल्यावर अंग पुन्हा बाहेर आल्याचं, म्हणजे योनी खाली सरकल्याचं जास्त ऐकू येतं, पण ते ऑपरेशन बऱ्याचदा अंग बाहेर आलेल्या बायकांवरच होतं. दोष सगळा ऑपरेशनच्या वाटेचा नव्हे. गर्भाशयाचं तोंड ठेवलं की लघवीचा ताबा टिकतो, हा समजही तुलनात्मक अभ्यासांत टिकलेला नाही. योनीच्या वरच्या टोकाला आधार कसा देणार, हे मात्र सर्जनना जरूर विचारा.

नंतर साधारण सहा आठवडे भरलेली कळशी उचलायची नाही, चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर असली तरी नाही! बद्धकोष्ठता आणि जुना खोकला आवरा. केगेल व्यायाम, म्हणजे हेच स्नायू आवळून सोडायचा सराव, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. लघवी मध्येच अडवून सराव नको. पुढे खोकताना थेंब गळू लागले तर लाजून पॅड लावत बसू देऊ नका, बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) स्त्रीरोग ओपीडीत दाखवा.