सूत्रं पाठ, तरी उत्तर उलटं

‘थर्मोडायनॅमिक्सची सगळी सूत्रं पाठ आहेत, तरी मार्क जातात. फिजिक्स मला झेपणारच नाही का?’ ही तक्रार नेहमीची. ती घेऊन आलेल्या एका विद्यार्थिनीला आधी तपासलेले पेपर आणायला सांगितले. धीर नंतर देता येतो. भीती विषयभर पसरलेली असते, चूक मात्र बरेचदा एकाच जागी असते.

इथेही तसंच निघालं. आदर्श वायू निम्म्या आयतनापर्यंत (घनफळापर्यंत) दाबताना सर्वांत जास्त कार्य कशात: आयसोबॅरिक (दाब स्थिर), आयसोथर्मल (तापमान स्थिर) की अ‍ॅडियाबॅटिक (उष्णतेची देवाणघेवाण नाही)? तिचं उत्तर दरवेळी ‘आयसोबॅरिक’. आयसोबॅरिक सर्वांत जास्त, मग आयसोथर्मल, मग अ‍ॅडियाबॅटिक, हा क्रम प्रसरणाचा. दाबताना तो उलटतो.

तिला पी-व्ही (दाब-आयतन) आलेख काढायला लावला. एकाच बिंदूपासून डावीकडे तीन रेघा: आयसोबॅरिक आडवी, आयसोथर्मल चढती, अ‍ॅडियाबॅटिक तिच्याहूनही चढी. रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे कार्य. मग आकडे घातले. 300 केल्विनचा 1 मोल द्विआण्विक वायू अगदी सावकाश दाबला, तर आयसोबॅरिक 1247 ज्यूल, आयसोथर्मल 1729, अ‍ॅडियाबॅटिक 1992. अ‍ॅडियाबॅटिकमध्ये उष्णतेला बाहेर वाटच नाही. तापमान 396 केल्विनवर जातं, दाब जास्त वाढतो आणि दाबणं जड जातं. आयसोबॅरिकमध्ये दाब तेवढाच ठेवायचा तर वायू 150 केल्विनपर्यंत थंड करावा लागतो. हे तिला पटेना. आदर्श वायूचं समीकरण पीव्ही = एनआरटी स्वतः मांडल्यावर पटलं. आयसोकोरिकमध्ये आयतनच हलत नाही, कार्य शून्य.

चिन्हांचा घोळ वेगळा होता. फिजिक्समध्ये वायूने केलेलं कार्य धन, केमिस्ट्रीत वायूवर केलेलं. ती दोन्ही एकाच गणितात वापरत होती. यावर उपाय साधा: आकडेमोडीआधी समासात ‘वायूने’ की ‘वायूवर’ एवढं लिहायचं.

पुढच्या भेटीत तिने विचारलं, ‘मग दाबताना अ‍ॅडियाबॅटिकच जास्त, हे पाठ करू?’ तेही नको. प्रश्नात ‘आयतन निम्मं’ऐवजी ‘दाब दुप्पट’ असेल, तर त्याच बंदिस्त वायूला आयसोथर्मलमध्ये 1729 ज्यूल लागतात आणि अ‍ॅडियाबॅटिकमध्ये फक्त 1366. तापलेला वायू दुप्पट दाब लवकर गाठतो. आयतन मूळच्या 0.61 पटीवर आलं की काम संपतं. आयसोबॅरिकचा तर इथे प्रश्नच येत नाही.