इतिवृत्ताचं पुस्तक आधी माग

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

निकालाच्या दिवशी गर्दीत तुझ्यापर्यंत पोचता आलं नाही, म्हणून हे पत्र. तू नगरसेविका झालीस याचा मनापासून आनंद झाला. आपल्या नगरपरिषदेत मी सभा लिपिक म्हणून नोकरी केली. सभागृहात कोण काय बोललं आणि त्यातलं कागदावर काय उतरलं, हे लिहिणं माझं काम होतं. त्या अनुभवाच्या आधारावर थोडं सांगतो.

पहिले काही दिवस सत्कारात जातील. त्यातून वेळ काढ आणि सभा विभागात जाऊन जुन्या इतिवृत्तांच्या, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या लेखी नोंदींच्या, प्रती माग. प्रशासकाच्या काळातल्या आधी माग. ओबीसी आरक्षणाच्या कज्ज्यात निवडणुका अडकल्या, मुदत संपलेल्या बहुतेक नगरपरिषदांवर 2021-22 पासून प्रशासक आले, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये आदेश दिल्यानंतर डिसेंबरात मतदान झालं. एवढा काळ सभेचे अधिकार एका माणसाकडे होते. त्यात चांगली कामंही झाली असतील. पण कोणत्या गाळ्याचा भाडेपट्टा वाढवला, कोणत्या योजनेत पालिकेचा हिस्सा किती कबूल केला, कोणत्या ठेकेदाराला मुदतवाढ मिळाली, हे तुला ठाऊक हवं. ते सगळं आता तुमच्या सभागृहाच्या माथी आहे. विचारायला माणसं तुझ्याच दारात येणार.

प्रभागातले लोक समजतात की नगरसेविकेने फोन केला की गटार साफ होतं. होतंही कधीकधी, मुकादम ओळखीचा असला तर. पण कायद्याने तुला एकटीला मुकादमावर हुकूम चालवता येत नाही. 1965 चा नगरपरिषद अधिनियम वाच: अधिकार सभेला आहेत, समित्यांना आहेत, नगराध्यक्षांना आहेत, अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्यांकडे आहे. तुझ्या हातात आहे तो ठराव. आणि ठराव केवढी मोठी गोष्ट आहे हे समजायचं असेल तर महाडकडे बघ.

सीताराम केशव बोले यांनी 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अशी सार्वजनिक ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीसांसारखी माणसं त्या कामात पुढे होती. ठराव झाला, पुस्तकात चढला, आणि तिथेच राहिला. तळ्यावर कोणी अस्पृश्य माणूस पाणी भरू शकला नाही, आणि ते भरता यावं यासाठी पालिकेने काही केलं नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायलं, ते नगरपालिकेने स्वतः कागदावर दिलेला हक्क बजावण्यासाठी. परतणाऱ्या लोकांवर गावात हल्ले झाले. आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

पुढचं शाळेच्या पुस्तकात थोडक्यात असतं, पण तू पालिकेची सदस्य म्हणून नीट वाच. सनातनी मंडळी डिसेंबर 1927 मध्ये कोर्टात गेली. तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची वहिवाट फार जुनी आहे, असं त्यांचं म्हणणं. खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. तळं नगरपालिकेच्या मालकीचं ठरलं, आणि अनादिकालापासूनची वहिवाट सिद्ध झाली नाही. मालमत्ता कोणाची, नोंद कुठली, वहिवाट कधीपासूनची, या तुमच्या कचेरीतल्या रोजच्या प्रश्नांवर माणसांचा पाणी पिण्याचा हक्क टांगलेला होता. म्हणून मालमत्ता नोंदवहीला कंटाळवाणं दप्तर समजू नकोस. आपल्या हद्दीतल्या विहिरी, ओपन स्पेस, शाळांची मैदानं, स्मशानभूमीची वाट त्यात चढलेली आहेत का, हे स्वतः बघ. नोंद नसलेली जागा हळूहळू कुणाची तरी होते.

आता ठराव लिहिण्याचं. सभेत तू तळमळीने बोलशील, टाळ्या पडतील, आणि इतिवृत्तात ओळ येईल: ‘प्रभागातील पाणीप्रश्नावर चर्चा झाली. योग्य ती कार्यवाही करावी.’ अशा ओळी मी ढिगाने लिहिल्या आहेत, आणि त्यांवर काही हललेलं फारसं पाहिलं नाही. कोणी करायची, कधीपर्यंत, खर्चाच्या कोणत्या लेखाशीर्षातून, काहीच नाही. त्यापेक्षा मजकूर घरून लिहून ने. अमुक गल्लीतली जुनी वितरण नलिका बदलावी, पाणीपुरवठा अभियंत्याने अमुक तारखेपर्यंत अंदाजपत्रक सादर करावं, खर्च अमुक शीर्षातून भागवावा, आणि अहवाल पुढच्या सभेत ठेवावा. सूचक तू, अनुमोदक दुसरं कोणीतरी, जमलं तर समोरच्या पक्षातलं. पुढच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचा विषय पहिला असतो. लोक चहा पितापिता त्याला ‘मंजूर’ म्हणतात. तू मात्र ओळ न् ओळ वाचून मग हो म्हण. तुझा मजकूर बदलला गेला असेल तर दुरुस्ती करून घेण्याची वेळ तीच.

मंजुरीनंतरचा रस्ताही लांब असतो: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, मग प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिका आणि बिल. कुठल्याही टप्प्यावर फाइल झोपू शकते. दर पंधरवड्याला जाऊन एवढंच विचार, ‘फाइल कोणाच्या टेबलावर आहे?’ आवाज चढवू नकोस. टेबलावरचा माणूस तुझ्याइतकाच कामाखाली दबलेला असतो. निम्म्या पदांवर माणसंच नसतात अशी कचेरी तुला दिसेल. त्याचं नाव लक्षात ठेव, काम झालं की आभार मान. रस्त्याचं काम चालू असताना खडीकरणाची जाडी बघायला तू उभी राहिलीस तर मोजमाप पुस्तिकेत खोटा आकडा लिहिणं अवघड होतं.

ठराव बेकायदा असेल, किंवा त्याने लोकांना त्रास होण्याची, शांतता बिघडण्याची शक्यता असेल, तर कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. हे शस्त्र राजकारणासाठीही वापरलं जातं. तुझ्या ठरावाला कायद्याचा आधार लिहिलेला असेल तर तो उडवणं कठीण जाईल.

मतभेद असेल तेव्हा विरोध नोंदवायला संकोचू नकोस. जोतीराव फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, सगळे सदस्य सरकारने नेमलेले असण्याच्या त्या काळात. व्हाइसरॉयच्या स्वागतावर हजार रुपये उधळायचा प्रस्ताव आला तेव्हा विरोधात मत पडलं ते त्यांचं एकट्याचं. तो पैसा शिक्षणावर खर्चावा, असं त्यांचं म्हणणं होतं. सभेत ते हरले. ती नोंद मात्र आजही आपण सांगतो.

आपली ही संस्था कशी घडली तेही थोडं माहीत असू दे. लॉर्ड रिपनचा 1882 चा ठराव आला, लोकांनी निवडलेले सदस्य वाढत गेले. पुढे 1925 च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या पुणे, सोलापूर, नाशिक, अहमदनगर अशा मोठ्या शहरांना बरो म्युनिसिपालिटीचा दर्जा मिळाला. त्या शहरांच्या जुन्या दप्तरांवर अजून तो शिक्का दिसतो. विदर्भाचा कायदा निराळा, मराठवाड्याचा निराळा. राज्य झाल्यावर 1965 च्या अधिनियमाने सगळ्यांना एका छत्राखाली आणलं. 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून नगरपरिषदेला संविधानात जागा दिली. कागदावर जागा मोठी झाली, तिजोरी मात्र लहान होत गेली. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी राज्याचं सहाय्यक अनुदान आलं. तेव्हापासून पगाराच्या तारखेला आपली कचेरी मुंबईकडे डोळे लावून बसते. मला हे फार लागतं. स्वतःच्या कमाईवर उभी असलेली पालिका वरच्यांना नाही म्हणू शकते.

म्हणून मालमत्ता कराच्या चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, आकारणीला तू लोकप्रियतेसाठी सरसकट विरोध करू नकोस. अन्याय झाला असेल त्या घराची हरकत घेऊन जरूर लढ, सुनावणीला म्हाताऱ्या माणसांबरोबर जा. पण ज्यांच्या तीन मजली इमारती अजून पत्र्याच्या घराच्या दराने भरतात, त्यांच्यासाठी बोलायचं तुला कारण नाही. नळाला माणशी 135 लिटर पाणी मागायचं तर टाकी, मोटारी, क्लोरीन आणि व्हॉल्व्हमनचा पगार कुठून येणार, हे मतदारांना तोंडावर सांगायची हिंमत ठेव. लोक समजूतदार असतात, हिशेब समोर ठेवला तर ऐकतात.

एक गोष्ट जरा परखड सांगतो. 2011 पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरीही कित्येक ठिकाणी ताईंच्या नावाच्या शिक्क्यावर दुसराच माणूस फिरताना मी पाहिला. तुझ्या घरचे लोक चांगले आहेत, मदतही करतील. पण सही करण्याआधी कागद तू वाचायचा, अधिकाऱ्यांशी बोलणं तू करायचं, सभेत उठायचं तू. सुरुवातीला आवाज कापेल. मजकूर लिहून नेलेला असला की कापणारा आवाजही पुरतो.

आणि पालिकेच्या कोणत्याही ठेक्यात, पुरवठ्यात, गाळ्यात तुझा किंवा घरच्यांचा पैसा गुंतू देऊ नकोस. त्याने सदस्यत्व जाऊ शकतं, आणि कोर्टात ते टिकवलंस तरी त्यानंतर सभागृहात कोणी तुझं ऐकणार नाही.

पहिल्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका मिळाली की तिची झेरॉक्स घेऊन घरी ये. ऐनवेळचे विषय म्हणून शेवटी काय काय घुसवतात आणि त्यावर हरकत कशी घ्यायची, ते आपण एकदा ओळीने बघून घेऊ. येताना पालिकेचं चालू वर्षाचं जमाखर्चाचं अंदाजपत्रकही आण.

तुझा,
काका