ब्लिंक-१८२ नव्याने ऐकणाऱ्याला

भो, हा अमेरिकन पॉप-पंक बँड परत आला म्हणून थेट २०२३ च्या अल्बमवर उडी नको मारू. आधी १९९९ चा 'एनिमा ऑफ द स्टेट' हेडफोन लावून पूर्ण ऐक. गाणी सोपी वाटतात, पण मागे ड्रमर ट्रॅव्हिस बार्कर एक क्षण स्वस्थ बसत नाही. मग २००३ चा अल्बम घे. जरा काळवंडलेला, पण माझ्या मते सगळ्यात भारी. २००५ ला फाटलं, २००९ ला जुळलं, २०१५ ला गिटारवाला गायक टॉम डेलाँग पुन्हा बाहेर, २०२२ ला परत. त्याच्या आदल्याच वर्षी बेसवाला गायक मार्क हॉपस कॅन्सरमधून उठला होता. एवढं माहीत असलं की नवा अल्बम वेगळाच ऐकू येतो.

गिटारवर बसवायचं तर पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांवर वाजणारे सोपे कॉर्ड) पुरे. उजव्या तळहाताची कड ब्रिजपाशी (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथे) तारांवर हलकी टेकव आणि सगळे स्ट्रोक वरून खालीच मार. वेगाचं नंतर बघू. भुसावळच्या मे महिन्यात तारा सैलावून सूर उतरतो, म्हणून ट्यूनर हाताशी ठेव. आणि गिटार कूलरसमोर तर अजिबात नको, ओलाव्याने लाकूड फुगतं.

बँडला तिघं बस झाले, त्यांच्यातही तिघंच आहेत. ड्रमर मिळत नसेल तर ढोल-ताशा पथकातला एखादा पोरगा पटव; हात तयारच असतो त्याचा.