संगीत त्रैमासिक काढताना : नोंदणी, हक्क आणि परीक्षणाचे पथ्य

प्रश्न : आम्ही मिरजेतील चार मित्र शास्त्रीय संगीत आणि भावसंगीत यांना वाहिलेले मराठी त्रैमासिक काढण्याच्या तयारीत आहोत. त्यात मैफलींची परीक्षणे, जुन्या बंदिशींची स्वरलिपी, मुलाखती आणि छायाचित्रे असतील. आमच्यापैकी तिघे गाणे शिकलेले आहेत. कायदा मात्र कोणालाच ठाऊक नाही. नोंदणी कशी करावी, परवानग्या कोणाच्या घ्याव्यात आणि ओळखीच्या कलाकारांविषयी लिहिताना कोणते पथ्य पाळावे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नोंदणीची धास्ती बाळगू नका. १८६७ चा जुना कायदा जाऊन नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे आणि शीर्षक व नोंदणी या दोन्हींसाठी आता प्रेस सेवा पोर्टलवर एकत्रच अर्ज करता येतो. मराठीत देशभरात कुठेही किंवा महाराष्ट्रात कोणत्याही भाषेत तेच अथवा त्याच्याशी मिळतेजुळते नाव दुसऱ्या कोणाकडे असेल, तर ते तुम्हाला मिळणार नाही. म्हणून दोन-तीन पर्यायी नावे हाताशी ठेवा.

खरी काळजी घ्यायची ती दुसऱ्यांच्या शब्द-सुरांची. रचनाकाराच्या निधनानंतर, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे त्याच्या कृतीवरील हक्क टिकतो. पंडित भातखंडे १९३६ मध्ये निवर्तले. त्यामुळे ‘चतुर’ या मुद्रेच्या, म्हणजे बंदिशीच्या शब्दांत गुंफलेल्या रचनाकाराच्या टोपणनावाच्या, त्यांच्या रचना आज कोणालाही छापता येतात आणि अठराव्या शतकातील सदारंगांच्या बंदिशींबाबत तर प्रश्नच नाही. कुमार गंधर्वांनी स्वतः रचून प्रसिद्ध केलेल्या बंदिशींवरील हक्क मात्र २०५२ च्या अखेरपर्यंत आहे. गुरुजींनी तोंडी शिकवली म्हणून बंदिश पारंपरिक ठरत नाही. ती कोणाची, हे आधी मुद्रेवरून आणि मग जाणकारांना विचारून ठरवावे, आणि स्वरलिपीखाली रचनाकाराचे नाव आवर्जून द्यावे.

भावसंगीतात गुंता अधिक आहे. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत. परंतु त्याच अभंगाला श्रीनिवास खळे यांनी दिलेली चाल स्वरलिपीत छापायची असेल तर परवानगी हवी, कारण खळे २०११ मध्ये गेले. गदिमांच्या गीतांवरील हक्क २०३७ अखेर संपेल. परीक्षणाच्या ओघात, मुद्दा स्पष्ट करण्यापुरत्या दोन ओळी उद्धृत करण्यास प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ ची मुभा आहे. अख्खे गीत चौकटीत छापणे त्या मुभेत बसेल, असे मी मुळीच धरणार नाही. शिवाय हक्क वारसांकडे असतील असेही नाही; ते चित्रपटाच्या निर्मात्याकडे किंवा ध्वनिमुद्रिका कंपनीकडे गेलेले असू शकतात, म्हणून दोन्हीकडे चौकशी करावी.

छायाचित्रांबाबत माझ्याच हातून चूक झालेली आहे. एका गायिकेने मुलाखतीसोबत स्वतःचे छायाचित्र पाठवले आणि मी ते निर्धास्तपणे छापले. अंक बाहेर पडल्यावर ते टिपणाऱ्या छायाचित्रकाराचा फोन आला. नाव नाही, विचारणा नाही, मानधन नाही, आणि त्याचे म्हणणे संपूर्ण खरे होते. चेहरा कलाकाराचा असला तरी छायाचित्रावरील हक्क सामान्यतः ते टिपणाऱ्याचा असतो. तेव्हापासून प्रत्येक छायाचित्रासाठी मी दोन ओळींचे लेखी संमतिपत्र घेतो. बाहेरच्या लेखकांशीही तसेच लेखी ठरवा. हक्क लिहून घेताना मुदत घातली नाही, तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो. पुढे लेखांचे पुस्तक करायचे असेल तर ते पत्रात आधीच नमूद करावे.

कठोर परीक्षण लिहिण्यास घाबरू नका. अब्रुनुकसानीची तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे आणि त्यातच एक अपवाद आहे : जाहीर मंचावर गाणारा गायक आपले गाणे लोकांच्या निर्णयासाठी ठेवतो, आणि त्या गाण्याच्या गुणदोषांवर सद्भावनेने दिलेले मत हा गुन्हा होत नाही. ‘तार षड्जावर सूर उतरत होता, विलंबित विस्कळीत झाले’ असे जरूर लिहा. ‘बुवा पिऊन आले असावेत’ हे वाक्य मात्र गाण्याविषयीचे राहत नाही, आणि ते कोणत्याही आडवळणाने छापू नये. एखाद्या गुरूविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार झाल्याची बातमी देताना पीडित शिष्येची ओळख पटेल असा तपशील, अगदी तिच्या शिकण्याचे गाव आणि वर्षही, देऊ नये. बलात्कारासारख्या गुन्ह्यात कलम ७२ नुसार तो स्वतंत्र अपराध ठरतो.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संगीतात जो तो कोणाचा तरी शिष्य किंवा गुरुबंधू असतो. संबंध नसलेला जाणकार समीक्षक शोधू गेलात तर अंकच निघणार नाही. तरीही स्वतःच्या गुरूच्या किंवा गुरुबंधूच्या मैफलीचे परीक्षण कोणी लिहू नये. त्याहून दूरचा संबंध असेल तर परीक्षणाखाली तो एका ओळीत छापावा. आयोजकांनी प्रवासखर्च किंवा निवास दिला असेल तर तेही तिथेच सांगावे. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ हा शब्द ठळकपणे असलाच पाहिजे. ज्या संस्थेची जाहिरात मलपृष्ठावर आहे, तिच्याच महोत्सवाचे परीक्षण आत असेल, तर ते लिहिणाऱ्याला जाहिरातीचा व्यवहार ठाऊक नसावा. तुमच्यापैकी जो चौथा मित्र गाणे शिकलेला नाही, त्याच्याकडे जाहिरातींचे काम सोपवा आणि त्याला परीक्षणांपासून पूर्ण दूर ठेवा.