साठ हजारांच्या शांततेत

नागपूर
रविवार, संध्याकाळ

प्रिय बेटा,

कोलकात्याच्या, मोहन बागानविरुद्धच्या फुटबॉल मॅचचं तिकीट मिळाल्याचा तुझा मेसेज आला आणि पाठोपाठ दुसराही आला. "काका, तिथे साठ हजार त्यांचे आणि आपण जेमतेम दोनशे. आपण ओरडून काय होणार?" फोनवर दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं असतं, पण हा प्रश्न मला स्वतःला चाळीस वर्षं पुरला आहे. म्हणून बसून लिहितोय.

तू मुंबई सिटी क्लबची चाहती आणि राहतेस नागपुरात. आपल्या संघाची अंधेरीतली मॅच बघायची तरी मुंबईपर्यंत ८३७ किलोमीटर जावं लागतं. हावड्याला जायचं तर ११३१. आपल्याच गावात आपली मॅच बघायला मिळावी असं आपलं नशीबच नाही. तरीही परक्या मैदानावर, परक्या रंगाच्या समुद्रात बसल्यावर पोटात जो गोळा येतो, तो प्रत्येक वेळी नव्यानं येतो. तो येणारच, त्याची लाज वाटून घेऊ नकोस.

माझं पहिलं परकं मैदान कामठीचं. अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर. मी नववीत होतो. मोहल्ल्याच्या टीमची मॅच होती आणि आम्ही अकरा-बारा पोरं इंदोऱ्यावरून कामठी रोडनं डबल सीट सायकली हाणत गेलो. कामठीला फुटबॉलचं वेड केवढं, हे तुला सांगायला नको. छावणीतल्या गोऱ्या पलटणींनी खेळ आणला असेल, पण जपला तो तिथल्या विणकरांच्या वस्त्यांनी. मैदानाला कठडा नव्हता. चुन्याच्या रेषेला पाय लावून माणसं उभी होती. काहींच्या केसांत अजून कापसाचे तंतू होते, मागावरून उठून तसेच आलेले. त्या गर्दीत आम्ही डझनभर पोरं कोपऱ्याच्या झेंड्याजवळ.

आम्ही काय केलं? तेच, जे तुझ्या मनात असेल. त्यांच्या वरताण ओरडायला गेलो. वीस मिनिटांत घसे बसले. मग लाइन्समननं आमचा एक गोल ऑफसाइड दिला आणि मी त्याला आईवरून शिवी दिली. आमचा कॅप्टन खेळ थांबला तसा धावत माझ्याकडे आला. "काहून बोंबलून राह्यला बे? तुह्या शिवीनं त्याचा झेंडा खाली येते का? आता तो पुढचा डाऊट आमच्यावरच काढन." एवढं बोलून तो परत गेला. मला आजही त्याचे घामानं चिकटलेले केस आणि गुडघ्यावरची सोललेली कातडी दिसते.

दुसऱ्या हाफमध्ये कोणीतरी बॉल इतका जोरात हाणला की तो मैदानाबाहेरच्या नाल्यात गेला. आणायला पोरं पळाली. सगळं मैदान गप्प झालं. बिड्या पेटल्या. आमच्यातला सगळ्यात लहान पोरगा, सहावीतला असेल, त्यानं त्या शांततेत आमच्या गोलकीपरला त्याच्या घरच्या नावानं हाक मारली. एकदाच, पण मोठ्यानं. गोलकीपर मागे वळला. त्याच्या हातात आईनं विणलेले लोकरीचे मोजे होते. त्यानं तो हात वर केला आणि पुन्हा पुढे तोंड करून उभा राहिला. पण आता पाय फाकवून, गुडघ्यांत वाकून. त्याआधी तो पोस्टला टेकून उभा होता.

ती मॅच आम्ही हरलो. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

साठ हजारांशी आवाजात स्पर्धा करायची नसते. साठ हजार माणसंसुद्धा नव्वद मिनिटं सलग ओरडू शकत नाहीत. ती श्वास घेतात, आणि तो श्वास हेरायचा. त्यांचा कॉर्नर आपल्या डिफेन्सनं बाहेर काढला की जी निराशेची 'अरेरे' उठते, तिच्या लगेच मागे एक पोकळी असते. आपल्या गोलकिकच्या आधी असते. त्यांचा माणूस जखमी होऊन पडला असेल तेव्हाही असते, पण तेव्हा गप्प राहायचं. माणूस पडलेला असताना आपण ओरडत नाही. आणि सगळ्यात मोठी पोकळी आपल्यावर गोल झाल्यानंतरची. त्यांचा जल्लोष शिगेला जाऊन उतरतो, लोक खाली बसतात, फोन काढतात, बॉल मधल्या वर्तुळात ठेवलेला असतो. त्या वेळी आपले अकरा जण एकमेकांकडे बघत नसतात, गवताकडे बघत असतात. नेमका तेव्हा आवाज द्यायचा. अख्ख्या मॅचमध्ये आपल्या लोकांनी फक्त ही एक वेळ साधली, तरी त्यांचं तिकीट वसूल.

तुझी मॅच आहे त्या सॉल्ट लेक स्टेडियमला अजून एक अडचण आहे. तिथे मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे. टीव्हीवर वाटतं त्यापेक्षा खेळाडू खूप लांब आणि लहान दिसतात. लांबलचक गाणं तिथपर्यंत पोचेपर्यंत त्याचा नुसता गलका होतो. नाव पोचतं. दोन अक्षरांचं, तीन अक्षरांचं, टाळीवर तोललेलं. आपला गोलकीपर ज्या हाफला आपल्या स्टँडसमोर असेल, त्या हाफला त्याच्यापासून सुरुवात करा.

रेफ्रीवर मात्र एक श्वासही खर्चू नकोस. कोरोनात रिकाम्या मैदानांवर मॅच झाल्या तेव्हा अभ्यासकांनी आकडे तपासले. यजमान संघाचा फायदा कमी झालेला दिसला आणि पाहुण्या संघाला मिळणारी कार्डंही यजमानांच्या तुलनेत कमी झाली. म्हणजे गर्दीचा दाब रेफ्रीवर पडतो, हे खरं. पण तो साठ हजारांचा पडतो. दोनशे जणांच्या शिव्या त्याला फक्त चिडवतात. माझ्या कॅप्टनला हे कुठलाही अभ्यास न वाचता माहीत होतं.

आता १५ एप्रिल २०२४ बद्दल. मी सॉल्ट लेकला होतो, हे तुला माहीत आहे, पण त्या दिवसाबद्दल मी तुझ्याशी नीट कधी बोललो नाही. इंडियन सुपर लीगच्या साखळीत पहिला येणाऱ्याला मिळते त्या लीग शील्डची शेवटची मॅच, बागानविरुद्ध. आपल्याला नुसता ड्रॉ पुरत होता. अठ्ठाविसाव्या मिनिटाला त्यांच्या लिस्टन कोलासोनं गोल केला, ऐंशीव्या मिनिटाला कमिंग्सनं दुसरा. दुसरा गोल झाला तेव्हा माझ्या आजूबाजूची काही माणसं उठली. मीही पिशवी खांद्याला लावली. जिन्यापर्यंत गेलो आणि पाठीमागे आवाज बदलला म्हणून वळलो. एकोणनव्वदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेनं गोल केला होता. २-१. अजून एक गोल, आणि शील्ड आपली. सबंध स्टेडियम अचानक चिंतेनं गप्प झालं होतं. नेमकी ती शांतता, जिच्याबद्दल मी तुला वर इतकं लिहिलं. आणि मी जिन्यात होतो. धावत परत येऊन ओरडलो, पण दम लागला होता, आवाज फुटत नव्हता. २-१ वरच मॅच संपली. शील्ड एका गुणानं गेली, ४८ आणि ४७.

माझ्या आवाजानं बरोबरी झाली असती असं मी म्हणत नाही. पण त्या चार-पाच मिनिटांसाठी मी एक हजारावर किलोमीटर गेलो होतो आणि तेव्हाच मी जागेवर नव्हतो, हे मला अजून बोचतं. तू शिटी वाजेपर्यंत हलू नकोस. ३-० असलं तरी.

एकोणीस दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच मैदानावर, त्याच दोन संघांत लीगची फायनल झाली. मी गेलो नाही. मन खचलं होतं, सुटीही उरली नव्हती. घरी टीव्हीपुढे बसलो. ६२ हजारांवर लोक, हाफटाइमच्या तोंडावर कमिंग्सचा गोल, पुन्हा तेच सुरू झाल्यासारखं वाटलं. मग आपला दियाझ, मग बिपिन, आणि अगदी शेवटी व्होय्टुस. ३-१. बिपिनच्या गोलनंतर मी टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवून कान लावून बसलो होतो. ती अफाट शांतता ऐकायची होती, आणि तिच्यात आपल्या मूठभरांचा आवाज. याच बिपिननं २०२१ च्या फायनललाही नव्वदाव्या मिनिटाला याच लोकांना हरवलं होतं, पण तेव्हा फातोर्ड्याचं मैदान कोरोनामुळे रिकामं होतं. तो गोल बघणारं कोणीच नव्हतं तिथे. मला त्या गोलचं नेहमी वाईट वाटतं.

आणखी एक. तू कोणाच्या घरी चाललीस, ते जाणून जा. मोहन बागान १८८९ चा क्लब आहे. २९ जुलै १९११ ला त्यांच्या बहुतेक अनवाणी पोरांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली. ती तारीख ते आजही सणासारखी पाळतात. त्यांच्या हिरव्या-मरून रंगाला नावं ठेवणारं काहीही तुझ्या तोंडून निघता कामा नये. आणि १६ ऑगस्ट १९८० लक्षात ठेव. ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या मॅचमध्ये प्रेक्षकांत मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली, आणि घरून मॅच बघायला निघालेले १६ जण परत आले नाहीत. तुमच्यातलं कोणी चिथावणीला लागलं, तर तू हात धरून खाली बसव. ऐकत नसेल तर त्याच्यापासून लांब जाऊन बस.

१५ एप्रिलच्या त्या रात्री हरल्यावर हावडा स्टेशनवर चहा घेत होतो. पिशवीतून निळ्या जर्सीची बाही बाहेर डोकावत होती. शेजारी बागानचा एक माणूस, कडेवर झोपलेलं पोर. त्यानं बाहीकडे बघून विचारलं, मुंबईहून आलात? म्हटलं, नागपूर. "ऑरेंज!" म्हणाला, आणि माझ्या चहाचे पैसे त्यानं दिले. नको म्हटलं तरी ऐकेना. आई सांबारवडी बांधून देईलच. अशा माणसांसाठी चार जास्त घे.

प्रवासाचं थोडक्यात. साडेसातची मॅच साडेनऊला संपते आणि स्टँडमधून बाहेर पडायलाच वेळ लागतो, म्हणून त्याच रात्रीची गाडी धरू नकोस. दुसऱ्या दिवशी दुपारची गीतांजली बरी, सकाळी नागपूर. मुक्काम आधी ठरव, पत्ता आईकडे आणि माझ्याकडे ठेव. आता मेट्रो हावड्याहून हुगळीच्या खालून थेट सॉल्ट लेक स्टेडियमपर्यंत जाते. मी गेलो तेव्हा मधला तुकडा व्हायचा होता. जर्सीवर साधा शर्ट घाल आणि आपल्या स्टँडमध्ये पोचल्यावरच काढ. आपल्या ग्रुपसोबतच आत जा आणि बाहेरही त्यांच्यासोबतच ये.

तू परतशील त्या सकाळी मी स्टेशनच्या संत्रा मार्केटच्या बाजूच्या दारापाशी स्कूटर घेऊन उभा असेन. स्कोअर मला कळलेला असेलच. तू मला एवढंच सांग, गोलकीपर मागे वळला का.

तुझा,
काका