वाचकांचे प्रश्न : मैदानावरची मुले आणि गावाचे काम

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या हायस्कुलात नववीत असून शाळेच्या खो-खो संघातून खेळते. संघातील मुलींनी दर रविवारी गावासाठी काही काम करावे, असे क्रीडाशिक्षकांनी यंदा ठरवले आहे. आतापर्यंत बसथांबा झाडणे आणि एका सत्कार समारंभात खुर्च्या मांडणे एवढेच झाले. पुढच्या वर्षी एसएसएलसी, म्हणजे दहावीची परीक्षा आहे. तिला जाऊ द्यावे का? (एक पालक, निपाणी तालुका)

उत्तर : जरूर जाऊ द्यावे, मात्र काम कोणते आणि किती, याविषयी आपण क्रीडाशिक्षकांशी मोकळेपणाने बोलावे. सत्काराच्या खुर्च्या मांडणे ही फुकटची हमाली झाली, तिला समाजसेवा म्हणण्याचे कारण नाही. बसथांबा झाडणे चांगले. पण ते कोणीही करू शकतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा कचरा होतो. खेळाडू मुलींना जे येते आणि इतरांना येत नाही, ते काम त्यांच्याकडून घ्यावे.

गावातील प्राथमिक शाळेपासून सुरुवात करता येईल. अनेक शाळांत मैदान असते, पण ते आखून मुलांना नियमाने खेळवणारे कोणी नसते. खो-खोचे पूर्ण मैदान 27 मीटर लांब व 16 मीटर रुंद असते. लहान मुलांसाठी ते बरेच आखूड करावे, खुंट्या ठोकून सुतळी ताणावी आणि तिच्या कडेने फक्की टाकावी. (फक्की चुन्याची असेल तर ती डोळ्यांना घातक ठरते, वाऱ्याकडे पाठ करून टाकावी आणि चिमुरड्यांना तोवर दूर बसवावे.) मग आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून कसे बसायचे, पाठीमागून खो कसा द्यायचा आणि खो मिळण्याआधी जागेवरून का उठायचे नाही, हे तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवताना आपल्या मुलीचा स्वतःचा खेळही पक्का होईल.

दुसरे काम आपल्या सीमाभागाचे खास आहे. आपल्याकडचे सरकारी कागद बहुतांशी कन्नडमध्ये येतात आणि अनेक वृद्धांना ते वाचता येत नाहीत; मराठी माध्यमातील मुली मात्र शाळेत कन्नड शिकतात. संध्या सुरक्षा योजनेचे, म्हणजे 65 वर्षांवरील गरजू वृद्धांच्या पेन्शनचे पत्र एखाद्या आजींना वाचून दाखवणे, त्यात कोणता दाखला मागितला आहे आणि तो कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा आहे, हे मराठीत सांगणे, एवढे नववीच्या मुलीला सहज जमते. आधारचा क्रमांक लिहून घेणे, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारणे किंवा कुणाचा अंगठा उठवून घेणे हे मात्र तिने कदापि करू नये. शेजारच्या कन्नड शाळेतील खेळाडू मुली सोबत आल्या तर उत्तमच. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. आजींच्या पेन्शनची मुदत तोवर थांबत नाही.

वेळेबाबत आपली काळजी रास्त आहे. या वयात रात्री आठ ते दहा तास झोप हवी, आणि रोज सराव करणाऱ्या मुलीला आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांतीही हवी. रविवार त्यासाठी राखून शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, एक आठवडा सोडून, दोनेक तास काम ठेवावे. शिक्षण खात्याच्या तालुका व जिल्हा स्पर्धांच्या दिवसांत ते बंद ठेवावे, आणि दहावीत जानेवारीनंतर तिला त्यातून पूर्ण मोकळे करावे.

प्रश्न : मी क्रीडाशिक्षक आहे. आमची कबड्डीची मुले धडधाकट आहेत. पुराच्या वेळी त्यांना मदतीला न्यावे का? आणि जी मुले येणार नाहीत, त्यांना संघातून वगळावे का? (एक शिक्षक, खानापूर तालुका)

उत्तर : पाण्यात उतरण्याच्या कामाला एकही मुलगा नेऊ नये, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. मलप्रभा आपल्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, त्यामुळे ती पावसाळ्यात कशी फुगते हे आपणांस सांगायला नको. जोराच्या प्रवाहात वीतभर पाणीही मोठ्या माणसाचे पाय उचलते. ऑगस्ट 2019 च्या महापुराने जिल्ह्यातील नदीकाठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली होती. तशा वेळी सुटकेचे काम प्रशिक्षित पथकांकडेच असावे.

पूर ओसरल्यावरच्या चिखलातही कबड्डीपटूंना धोका अधिक असतो, कारण त्यांचे गुडघे आणि कोपरे बहुधा सोललेले असतात, आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्यातून अशाच जखमांवाटे शरीरात शिरतात. त्यांना निवारा केंद्रात न्यावे. तिथे अंथरुणे मोजून देणे, रांग लावणे आणि घर सोडून आलेल्या लहान मुलांना दुपारभर खेळात गुंतवणे, अशी कामे पुष्कळ असतात. नेण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी आणि मुलांसोबत आपण स्वतः थांबावे.

वगळण्याविषयी म्हणाल, तर तसे मुळीच करू नये; सक्तीने आणलेला मुलगा स्वयंसेवक कसा ठरेल? शिवाय पावसाचे तेच दिवस भाताच्या लावणीचे असतात. ज्याच्या घरी माणूसबळ कमी, तो मुलगा सकाळपासून चिखलात वाकून रोप लावत असतो. त्याच्या गैरहजेरीचे कारण आपण आधी विचारून घ्यावे.