नोटिशीने मुदत थांबत नाही

डोंबिवली पूर्वेतून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वडिलांनी 1986 साली बंगला बांधला. शेजाऱ्यांनी आपलं घर पाडून नवं बांधताना जून 2014 मध्ये कंपाउंडची भिंत तीन फूट या बंगल्याच्या बाजूला सरकवली. वडील आता नाहीत. वकिलामार्फत दोन नोटिसा दिल्या, महापालिकेतही तक्रार केली. भाऊ कॅनडात असतो, तो दिवाळीला आला की बसून ठरवू, तोवर चालेल ना?

नाही चालणार. असं पत्र महिन्याला एक तरी येतं, आणि प्रत्येकात कुणीतरी कुणाच्या तरी येण्याची वाट बघत असतं.

तीन फूट तुमचेच आहेत का, ते मोजणीत कळेल. तुमचं प्रकरण ठरणार आहे ते 'जून 2014' या दोन शब्दांवर. मुदत कायदा 1963 च्या अनुच्छेद 65 प्रमाणे मालकीच्या आधारे ताबा मागायला 12 वर्षं मिळतात, शेजाऱ्याचा ताबा तुमच्या हक्काविरुद्ध झाला तेव्हापासून. ती उलटली की कलम 27 लागतं आणि जागेवरचा तुमचा हक्कच संपतो. जून 2026 मध्ये 12 वर्षं भरतात, आणि तुम्ही दिवाळीचं बोलताय!

नोटिसांनी मुदत एका दिवसानेही वाढलेली नाही. उलट 'भिंत 2014 पासून आहे' हे तुम्हीच त्यात लिहून दिलंत, शेजाऱ्याचं निम्मं काम केलंत. महापालिका बेकायदा बांधकाम बघेल. मालकी ठरवणं तिच्या हातात नाही.

कोविडमुळे 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला, असं कुणी तुम्हाला सांगेल. वगळला हे खरं. पण त्यानंतर संपणाऱ्या मुदतीला तो मिळतो का, यावर समोरचा वकील भांडणारच. त्या भरवशावर झोपू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, 'बाबा त्यांना म्हणाले होते, सध्या राहू दे.' ते आधी लिहायला हवं होतं! परवानगीने दिलेला ताबा हक्काविरुद्धचा ताबा ठरत नाही. पण तोंडी बोलणं सिद्ध कोण करणार? बाबांचा जुना मोबाइल शोधा. मेसेज सापडला तर फोन कुणाला विकू नका, तो पुरावा म्हणून दाखवायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल. नाही सापडला, तर हा मुद्दा कितपत टिकेल ते सांगता येत नाही.

आता कल्याणच्या दिवाणी न्यायालयात दावा लावा. मालकी जाहीर करून मिळावी आणि ताबाही मिळावा, दोन्ही मागा. मोजणीचा अर्ज करा, पण मोजणीसाठी थांबू नका, पुढे जागेची पाहणी करायला कोर्टाने नेमलेला अधिकारी, म्हणजे कोर्ट कमिशनर, मागता येतो. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते, म्हणून एप्रिलच धरा. खरेदीखत, मिळकत पत्रिका आणि मंजूर नकाशा घेऊन याच आठवड्यात वकील गाठा.

भावाची सही नसली तरी अतिक्रमणाविरुद्ध एकटा सहमालक दावा लावू शकतो. त्याला पक्षकार कसं करायचं ते तुमचे वकील बघतील. निकाल लागेपर्यंत भावाच्या पाच-सहा दिवाळ्या इथे आरामात होतील.